मराठी रॉकचं छबिलदास कुठंय?

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा जुना वाद परत पेटला. कुणीतरी विचारलं की मराठीत एखादा दणदणीत रॉक बँड का उभा राहत नाही, झालं, लगेच दोन गट पडले. एका गटाचं म्हणणं, गिटार घेऊन किंचाळणं हे आपलं नाहीच, आपल्याकडे पोवाडा आहे, भारूड आहे, ढोल-ताशा आहे. दुसऱ्यांचं म्हणणं, पोरांमध्ये चिकाटीच नाही, सगळ्यांना रील टाकून आठवड्यात फेमस व्हायचंय. मी लंडनला राहतो, इथले रॉक बँड वर येताना जवळून बघतो, आणि मला मनापासून वाटतं की दोन्ही गट भलत्याच मुद्द्यावर भांडतायत, खरा प्रश्न आहे तो वाजवायला छोट्या जागा मिळण्याचा.

वुल्फ अॅलिस हा इथला रॉक बँड घ्या. 2010 मध्ये नॉर्थ लंडनला एली रोझेल आणि जॉफ ऑडी ही दोघंच अकूस्टिक गिटारवर वाजवायची. ड्रम आणि बेस नंतर आले, मग अॅम्पचा, म्हणजे गिटारच्या अॅम्प्लिफायरचा आवाज चढला, कडवं अगदी हळू आणि ध्रुवपद आलं की डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या खरखरीत आवाजाचा लोंढा, नव्वदच्या दशकातल्या ग्रंज नावाच्या रांगड्या रॉकची ती सगळी ताकद त्यांच्या गाण्यात उतरली. पहिला अल्बम आला 2015 ला. 2018 ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं मर्क्युरी प्राइज, 2022 ला ब्रिट अवॉर्ड्स या इथल्या मोठ्या संगीत पुरस्कारांमध्ये बेस्ट ग्रुप. आपण बातमी वाचतो ती बक्षिसाची, पण मला पहिल्या अल्बमच्या आधीची पाच वर्षं मोठी वाटतात. छोट्या छोट्या जागांमध्ये वाजवत राहायचं, हळूहळू आपला आवाज सापडायचा.

अशी जागा म्हणजे काय ते सांगतो. ब्रिक्स्टनला विंडमिल नावाचा पब आहे, जेमतेम दीडशे माणसं मावतात, ब्लॅक मिडीसारखे बँड इथूनच पुढे आले. तिथे मी एक अगदी कोवळा बँड ऐकला होता, दुसऱ्याच गाण्यात गिटारची तार तुटली, पोरगा जागच्या जागी गोठला, तर त्यांच्यानंतर वाजवणार होता त्या बँडच्या मुलीने आपली गिटार त्याच्या गळ्यात अडकवली. गाणं मधेच कोसळलं, परत सुरू केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपल्यावर साउंडवाला ड्रमरला बाजूला घेऊन शांतपणे सांगत होता की सिंबल, म्हणजे ड्रमसेटची ती धातूची थाळी, एवढी हाणू नकोस, सगळी गाणाऱ्याच्या माइकमध्ये घुसते. काही महिन्यांनी तोच बँड दुसरीकडे ऐकला तेव्हा ड्रमर कडव्यात सिंबलला जवळजवळ हातच लावत नव्हता, आणि त्यामुळे ध्रुवपद अंगावर आलं. हे शिक्षण यूट्यूबवर मिळत नाही हो, त्यासाठी समोर माणसं लागतात.

ग्रुपवर एकजण म्हणाला तिकडे सरकार पोसतं. तसं नाहीये. फक्त अडवाअडवी कमी आहे. इंग्लंड-वेल्समध्ये 2012 चा लाइव्ह म्युझिक अॅक्ट आहे, त्यामुळे दारूचा परवाना असलेल्या पबला 500 माणसांपर्यंत, रात्री 11 पर्यंत बँड वाजवायला सहसा वेगळं लायसन लागत नाही. आपल्याकडे परवानगीसाठी पोलिस स्टेशनच्या चकरा मारता मारता पोरांचा निम्मा उत्साह तिथेच संपतो.

आणि इथे ब्रिटनमध्येही सगळं छान चाललंय असं अजिबात नाही. भाडं, वीज, शेजारी नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलेल्यांच्या तक्रारी. अशा छोट्या जागांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या हिशोबाने 2023 या एका वर्षात अशा 125 जागा गेल्या. पण निदान वाद त्यावर होतो. स्टेडियमच्या मोठ्या कॉन्सर्टच्या प्रत्येक तिकिटामागे एक पाउंड या छोट्या जागांना द्यावा, हा विषय पार्लमेंटच्या समितीपर्यंत गेला. आपल्याकडे चर्चा कशावर, तर हे संगीत आपल्या संस्कृतीत बसतं का यावर.

खरं तर ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच पडू नये. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटक उभं राहिलंच ना? भपका नाही, धंद्याचं गणित नाही, पण फसायची मुभा होती आणि फसलेलं नाटक बघायलाही लोक जिना चढून यायचे. तेव्हाही म्हणणारे होतेच की हे असलं नाटक आपलं नाही. नाटकाला छबिलदास मिळालं, बँडला नाही मिळालं, एवढाच फरक आहे. मुंबईत धोबीतलावला रंगभवन हे खुलं सभागृह होतं, पोरं तिथे रॉक ऐकायला गर्दी करायची, तेही शांतता क्षेत्राच्या नियमात बंद पडलं आणि त्याच्या बदल्यात काही उभं राहिलं नाही. आजूबाजूला हॉस्पिटलं होती, नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, पण पर्यायी जागा शोधणं हे कुणाचंच काम कसं नव्हतं?

रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियमही मला अडचणीचा वाटत नाही. संध्याकाळी साडेसहाला सुरू केलं तर अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार बँड दहाच्या आत आरामात होतात. महापालिकांच्या नाट्यगृहांमध्ये तालमीचे हॉल आहेत, शाळांची सभागृहं संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्यातला एक हॉल, भिंतींना थोडं साउंडप्रूफिंग, एक बरा ड्रमसेट, दोन अॅम्प आणि आठवड्यातला एक ठरलेला वार, एवढं पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात करून बघा. ग्रुपमधले निदान तिघं आज शाळांच्या ट्रस्टवर आहेत. मी त्यांनाच विचारतोय, मंगळवारी संध्याकाळी तुमचा हॉल रिकामा असतो का?