तुमच्या पुण्यात

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर मी एका कादंबरीचं मुखपृष्ठ टाकलं. सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल', इथे लंडनच्या चॅरिटी शॉपमध्ये दोन पौंडांना मिळालेली. १९२१ची मुंबई, ऑक्सफर्डला शिकलेली पारशी सॉलिसिटर पर्वीन मिस्त्री आणि पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा. दहा मिनिटांत पुण्याहून दादाचं उत्तर: "शंभर वर्षांपूर्वी असली बाई कुठून असणार? आजच्याच बाईला जुनी साडी नेसवलीय."

तीन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी लिहिलं. दादा, कॉर्नेलिया सोराबजी नाशिकची, जन्म १८६६चा. शिकली तुमच्या पुण्यात, डेक्कन कॉलेजात. पहिली आली, पण विलायतेची शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली. तरी ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पर्वीन तिच्यासारख्या पहिल्या वकील बायकांवरूनच सुचलेली. आणि नवऱ्याचं घर सोडणारी पर्वीन खोटी वाटत असेल, तर रखमाबाईंनी १८८७ मध्ये मुंबईच्या कोर्टाला काय सांगितलं ते वाच. तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही.

या गोष्टीत बाईच हवी, हे त्याला कसं दिसत नाही? त्या विधवांसमोर परका पुरुष जाऊ शकत नाही. मग जबानी घेणार कोण? मृत्युपत्र, मेहेर म्हणजे मुसलमान लग्नात बायकोला कबूल केलेली रक्कम, इस्टेटीचे कागद समजावणार कोण? ज्या पडद्याने बायकांना कोंडलं, त्यानेच तिला आत जायची वाट दिली. १९०४पासून कॉर्नेलियाने बंगालमध्ये पडदानशीन बायकांसाठी हेच काम केलं.

लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेत, लिंकन्स इनमध्ये तिचा अर्धपुतळा आहे, हेही मी ठसक्यात लिहिलं. ऑक्सफर्डने तिला पदवी द्यायला तीस वर्षं लावली, ते मात्र गाळलं. इथल्या लोकांची बाजू मी हल्ली अशी न सांगता घेते.

दादाने पुन्हा लिहिलं, "ती इंग्रजांची. गांधींच्या विरोधात होती. गेलीही लंडनमध्येच. तिकडचीच ती."

त्यातलं काहीच खोटं नाही. पण 'तिकडचीच' मला लागलं. मार्चमध्ये कौन्सिलच्या हॉलमध्ये राजाच्या तसबिरीसमोर मी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली, तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता. शेजारच्या नायजेरियन बाईंनी माझा हात धरला. घरी येऊन वरणभात केला आणि ग्रुपवर फोटो टाकला. दादाने नुसता अंगठा दाखवला होता.

आता माझा मेसेज पुन्हा वाचते, तर त्यात 'तुमच्या पुण्यात' असं आहे. आपल्या नाही, तुमच्या.

येरवड्याच्या बसने तीन वर्षं मी डेक्कन कॉलेजच्या रस्त्याने गेले. ती मुलगी तिथे शिकली, हे मला चाळिशीत, लंडनमध्ये कळलं. दादा, दिवाळीला येतेय. विमानतळावरून घरी जाताना गाडी त्या फाटकाशी पाच मिनिटं थांबव.