एका लिटरात हजार लिटर नदी? हिशेब उलटा आहे

आळंदीला इंद्रायणीवर फेस आल्याचे फोटो फिरू लागले की त्यांच्या मागोमाग एक मेसेज येतोच. यंदा मला तो तीन ग्रुपांवर आला. म्हणणे थोडक्यात असे: घरी केलेले १ लिटर बायोएन्झाइम १००० लिटर नदी शुद्ध करते, नाल्यात जिवाणूंचे कल्चर सोडले की एसटीपीचा (मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राचा) खर्चच नको, सूक्ष्मजीव काहीही पचवतात, आणि गंगेतले बॅक्टेरियोफेज (जिवाणूंना मारणारे विषाणू) बाटलीत भरले की अँटिबायोटिकची कटकट कायमची संपली. पाठवणारी माणसे मनापासून पाठवतात, म्हणूनच उत्तर द्यावेसे वाटते.

आधी ते हजार लिटर. १ भाग गूळ, ३ भाग फळांच्या साली, १० भाग पाणी, तीन महिने आंबवायचे. हाती येते ते आंबट पाणी, मुख्यतः सेंद्रिय आम्लांचे. फरशी पुसायला झकास, मीही वापरतो. पण नदीच्या दृष्टीने ते खरकटेच. नदीतल्या जिवाणूंना ते आम्ल पचवायला प्राणवायू लागतो. १ ग्रॅम ॲसेटिक आम्लाला १.०७ ग्रॅम. बायोएन्झाइमच्या लिटरात असे आम्ल फक्त १० ग्रॅम धरा. म्हणजे १०.७ ग्रॅम प्राणवायू हवा. आपल्या हवामानात स्वच्छ नदीच्या लिटरभर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. भागाकार करून बघा: एका लिटर बायोएन्झाइमसाठी सुमारे १३०० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडतो. मेसेजमधला आकडा फारसा चुकलेला नाही, दिशा तेवढी उलटी आहे. नदी वाहती असते, हवेतून थोडा प्राणवायू परत घेते, म्हणून मासे लगेच मरत नाहीत इतकेच.

नाल्यातल्या कल्चरचे काय? मैलापाण्याच्या थेंबात लाखो जिवाणू आधीच असतात. लागलेल्या दह्यात पुन्हा विरजण घालून काय मिळणार? तिथे उणीव असते हवेची आणि वेळेची. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैलापाणी शुद्ध करण्याची जी पद्धत मांडली तिचे मर्म हेच होते: मैलापाण्यात सतत हवा सोडायची आणि खाली बसलेला जिवंत गाळ फेकून न देता परत टाकीत घ्यायचा. आमच्या सोसायटीच्या एसटीपीत ठेकेदार दर महिन्याला कल्चर पावडरचे बिल लावायचा आणि वीज वाचवायला रात्री ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारा पंखा, बंद ठेवायचा. वास सुटायचा, की पावडर वाढवायचा. कमिटीने ब्लोअर चोवीस तास चालवायला लावला, पावडर बंद केली. दोन-तीन आठवड्यांत वास गेला.

‘काहीही पचवतात’ हा दावा मात्र नुसता चुकीचा नाही, धोक्याचाही आहे. क्रोमियमसारख्या धातूचे रूप जिवाणू बदलू शकतात, पण धातू नाहीसा होत नाही. पाण्यातून निघाला तर गाळात जाऊन बसतो आणि तो गाळ कुणाच्या तरी शेतात पडतो. औषधांची गोष्ट याहून वाईट. हैदराबादजवळच्या पटानचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात येत असे. तिथे जैविक प्रक्रियाही होती. २००७ साली स्वीडिश संशोधकांनी त्या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक मोजले: लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर माणसाच्या रक्तातही लिटरला दोन-अडीच मिलिग्रॅमच्या आसपासच चढते. ज्यांच्या जिवावर पाणी साफ करायचे, त्यांनाच मारणारे औषध त्यांच्या ताटात वाढलेले.

मग त्या टाकीत जगले कोण? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला २०१३चा अभ्यास याचे उत्तर देतो. तिथून वेगळ्या केलेल्या जिवाणूंपैकी ८६ टक्के २० किंवा त्याहून जास्त अँटिबायोटिकना दाद देत नव्हते. साफ करायला ठेवलेल्या टाकीत आपण पैलवान तयार केले. असे औषध कारखान्याच्या दारातच, सांडपाण्यात मिसळण्याआधी अडवायला हवे. ते काम जिवाणूंच्या गळ्यात मारून चालत नाही.

आता गंगा. १८९६ साली आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅनकिन या जंतुशास्त्रज्ञाने लिहिले की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात, आणि पाणी उकळले की तो गुण जातो. ती करामत बॅक्टेरियोफेजची, थोडक्यात फाजचीच होती का, यावर आजही अभ्यासकांचे एकमत नाही. असेना का. फाज म्हणजे जिवाणूंवर वाढणारे विषाणू. जिथे जिवाणू अमाप तिथेच ते अमाप. म्हणून संशोधक फाज शोधायला गटाराचे पाणी आणतात! पाण्यात आतड्यातल्या जिवाणूंचे फाज भरपूर सापडणे ही मैला मिसळल्याची खूण मानतात, शुद्धतेची नव्हे.

उपचार म्हणून फाज खरे आहेत, हे कबूल. जॉर्जिया देशातल्या तिबिलिसीत फाजवर काम करणारी संस्था १९२३ पासून आहे. २०१६ साली सॅन डिएगोत टॉम पॅटरसन हे प्राध्यापक मरणाच्या दारातून परतले ते फाजमुळे. पण त्यांच्या अंगातला जंतू काही दिवसांतच पहिल्या फाजांना बधेनासा झाला, दुसरे शोधावे लागले, आणि जोडीला अँटिबायोटिकही चालूच होते. एक फाज सहसा एका जातीच्या काही मोजक्या वाणांनाच धरतो, बाकीच्यांना ओळखतही नाही. फ्रान्स-बेल्जियममधल्या ‘फागोबर्न’ चाचणीत तर भाजलेल्या रुग्णांवर आयते फाज-मिश्रण सिल्व्हर सल्फाडायझिनच्या जुन्या मलमापेक्षा मागे पडले. साठवणीत त्यातल्या फाजची संख्या पार घसरली होती.

तेव्हा मेसेजमधली बाटली तयार करायची, तर आधी रुग्णाचा जंतू वाढवायचा, त्याला लागू पडणारा फाज हुडकायचा, त्यातली विषे काढून तो शुद्ध करायचा, आणि जंतू बदलला की पुन्हा पहिल्यापासून. घाटावरून भरून आणलेल्या पाण्यात यातले काहीच झालेले नसते.