पोच कुठंय?

पुण्याच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारात, माल विकणं सोपं आहे. तो पोचला हे सिद्ध करणं अवघड. बिलाच्या तीन प्रती निघतात: एक गिऱ्हाइकाला, एक गाडीवाल्याला, एक आम्हाला. त्यातल्या एकीवर गिऱ्हाइकाचा सही-शिक्का होऊन ती परत आली की ती झाली पोच. गाळ्यावर गणपतीच्या खालोखाल मान तिचाच.

पूर्वी पोच तारेला टोचायची आणि मार्चनंतर सुतळीनं बांधून माळ्यावर टाकायची. जीएसटीचा कायदा म्हणतो, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने कागद जपा. उंदरांना हा कायदा मान्य नव्हता.

मी मोबाइलवर कागद स्कॅन करणारं कॅमस्कॅनर घेतलं. जून 2020 मध्ये सरकारनं 59 चिनी अ‍ॅप बंद केली, त्यात माझं कॅमस्कॅनर आणि हमालांचं टिकटॉक एकदमच गेलं. टिकटॉकसाठी गाळ्यावर सुतक पाळलं गेलं. माझ्याकडे कुणी भेटायलाही आलं नाही.

मग शेठच्या मुलानं 'सिस्टीम' आणली. पाच कोटींच्या वर उलाढाल, म्हणजे ऑगस्ट 2023 पासून ई-इनव्हॉइस आलंच. सरकारी पोर्टलवर बिल चढवलं की 64 अक्षरी आयआरएन, म्हणजे बिलाचा सरकारी नंबर येतो, क्यूआर कोड येतो, माल वाटेत नेण्यासाठीचं ई-वे बिल निघतं. टेम्पो यार्डाच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत आम्ही एकदम डिजिटल. पुढं ड्रायव्हर आणि त्याचा अंगठा.

पोचेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. शिक्क्यावर अंगठा, बिल नंबरावर हळदीचा डाग, आणि मागं काचेवरचं 'जय मल्हार' मात्र लख्ख. तो फोटो ऑपरेटर पोरगा सिस्टीममध्ये टाकतो, नाव देतो 'गणेश'. आमच्या गिऱ्हाइकांत निम्मी दुकानं गणेश किराणा, उरलेली गणेश ट्रेडर्स.

परवा त्यातल्याच एका गणेशचा फोन. "साखर आलीच नाही. पोच दाखवा, मग पैसे."

सिस्टीममध्ये गणेश शोधला. स्क्रीन भरून गणेश आले, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडला येतात तसे. शेठचा मुलगा म्हणाला, "दिवाणजी, फिल्टर लावा." लावला. सगळे गणेश गेले.

शेवटी ड्रायव्हरला फोन केला. तो यार्डातच चहा पीत होता. आला, टेम्पोच्या डॅशबोर्डातून रबर लावलेली गड्डी काढली, थुंकी लावून चार कागद सरकवले आणि सही-शिक्क्याची पोच माझ्या हातात ठेवली.

"अरे, ही अजून तुझ्याकडेच?"

"मग काय काका! फोटो काढला म्हणून कागद कोण टाकतंय?"

शेठच्या मुलानं कागद उलटसुलट पाहिला आणि ऑपरेटरला हाक मारली, "ए, हे स्कॅन कर रे. नाव टाक, गणेश."