‘मोठे टायर लावा, डिफ उघडायची गरजच नाही’ म्हणे! जरा आकडे बघू या

आमच्या मराठी फोर-बाय-फोरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात निम्मे पुण्याकडचे महिंद्रा थारवाले आहेत आणि निम्मे आम्ही इकडे कोलोरॅडोत जीप रँग्लर घेऊन बसलेले. तिथे एक मेसेज दर थोड्या दिवसांनी परत उगवतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ‘एकदम बरोबर’ म्हणून अंगठा देतं. मेसेज थोडक्यात असा: पस्तीस इंची टायर टाकले तरी डिफरन्शियलचा (एक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा, म्हणजे ‘डिफ’चा) रेशो बदलायची गरज नसते, दुकानवाले उगाच दोन हजार डॉलरला चुना लावतात. टायर काय, थोडेच मोठे असतात. ताकद कमी पडली तर फोर-लो (चारही चाकांना जोर देणारी, सावकाश पण ताकदीची रेंज) आहेच. त्यातूनही काही वाटलं तर ट्यून मारा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदला. डिफचे गिअर बदलले की आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) वाढतो आणि मायलेज मरतं. आणि अगदी हौसच असेल तर मागचा एकच एक्सल करा, पुढचा काय रोज लागतो का! खाली हात जोडलेले दोन इमोजी.

आता ‘गाडी मस्त पळते भाऊ’ विरुद्ध ‘अजिबात ओढत नाही’ असं भांडत बसण्यापेक्षा एक गाडी धरू आणि गणित करू. रँग्लर जेके (आधीची पिढी), २०१२ नंतरची, ३.६ लिटर पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक, साधी स्पोर्ट. हिचा डिफ ३.२१. म्हणजे क्राउनला (डिफमधल्या मोठ्या चक्राला) ४५ दात, पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या चक्राला) १४, भागाकार करा. चाक एकदा फिरायला प्रॉपशाफ्टला (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणाऱ्या दांड्याला) ३.२१ वेळा फिरावं लागतं, एवढंच.

‘टायर थोडेच मोठे असतात’

या स्पोर्टचा कंपनीचा टायर २२५/७५ आर १६, व्यास ७४४ मिमी. लोक लावतात तो ३१५/७० आर १७, नाव पस्तीस पण मोजला तर ८७३ मिमी, म्हणजे साडेचौतीसही भरत नाही (आणि गाडीचं वजन आलं की अजून थोडा दबतो). तरीसुद्धा फरक १७ टक्के आहे राव. ३.२१ ला १.१७ ने भागा, तुमचा डिफ आता २.७४ असल्यासारखा वागणार. कुठल्याही कंपनीने अशा दोन टनाच्या चौकोनी डब्याला २.७४ चा डिफ दिला असता तर याच लोकांनी तिला शिव्या घातल्या असत्या.

शिवाय हे फक्त व्यासाचं झालं. टायर नुसता उंच नसतो, जडही असतो, आणि त्याचं बरंचसं वजन कडेला, ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणाऱ्या जाड रबरात) असतं, त्यामुळे तो फिरवायला आणि थांबवायला दोन्हीला जास्त जोर लागतो. त्यात टायर बसावा म्हणून गाडी उंच करणारं लिफ्ट किट, मग पुढे स्टीलचा बंपर, त्यावर विंच, वर रूफ रॅक. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

‘गिअर बदलले की आरपीएम वाढतो, मायलेज मरतं’

हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

सोपं गणित लक्षात ठेवा: ५३० ला टायरच्या मीटरमधल्या व्यासाने भागलं की ताशी १०० किमीला चाक मिनिटाला किती फेरे मारतं ते येतं. त्याला डिफच्या रेशोने आणि चालू गिअरच्या रेशोने गुणा, झाला इंजिनचा आरपीएम. या गाडीचे गिअर ३.५९, २.१९, १.४१, १.०० आणि पाचवा ०.८३.

कंपनीच्या टायरवर पाचव्यात ताशी १०० ला साधारण १९००. पस्तीस लावले, डिफ तोच ठेवला, तर १६२० च्या आसपास. मेसेजवाला इथेच टाळ्या वाजवतो, बघा आरपीएम कमी झाला, पेट्रोल वाचलं! पण हे इंजिन टर्बोवालं नाही, याचा टॉर्क चार हजाराच्या वर जाऊन शिखर गाठतो, १६२० ला ते नुसतं कण्हतं. मग गिअरबॉक्स काय करतो, चौथ्यात उतरतो, तिथे १९५०. जरा चढ आला की तेही पुरत नाही, मग तिसरा, तिथे एकदम २७५०. चढ थोडा कमी झाला की परत चौथा, परत दम गेला, परत तिसरा. आय-७० वर डेन्व्हरहून आयझेनहॉवर बोगद्याकडे निघा, साधारण ९५ किमी, आणि अशी गाडी उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे बघा, सारखी वर-खाली करत असते आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा ऑइलचा सांधा) लॉक न राहिल्यामुळे ट्रान्समिशनचं ऑइल तापत असतं. बोगदा ३,४०० मीटरवर आहे, तिथली हवा इतकी विरळ की टर्बो नसलेल्या इंजिनची जवळपास तीस टक्के ताकद हवेतच गेलेली असते. पाचवा गिअर या गाडीला नुसता शोभेला उरतो.

आता याच गाडीला पस्तीसवरच ४.५६ चा डिफ घाला. पाचव्यात २३००, आणि तो पाचवा सपाटीला खरोखर धरून ठेवतो. चढाला चौथा लागला तर २७७०. म्हणजे ३.२१ वर तिसऱ्यात जेवढा आरपीएम होता जवळपास तेवढाच! चढावर इंजिन दोन्हीकडे सारखंच फिरतंय, फरक एवढाच की एका गाडीकडे सपाटीसाठी वापरता येण्याजोगा वरचा गिअर शिल्लक आहे आणि दुसरीकडे नाही.

आणि ‘टायर टाकल्यावर माझं मायलेज बारावरून नवावर आलं’ म्हणणाऱ्यांना विचारा, कॉम्प्युटरला नवीन टायर साइज सांगितली का? नसेल तर मीटर १०० किमी दाखवतं तेव्हा गाडी ११७ किमी गेलेली असते. त्याच लिटरना कमी किलोमीटरने भागताय तुम्ही, निम्मा तोटा तर कागदावरचाच. (आणि मीटरवर १०० बघून निवांत जाणारा प्रत्यक्षात ११७ ने जात असतो, ते पोलिसाला समजावून सांगा.) पस्तीसवर खरं मायलेज थोडं कमी होतंच, जड आणि उंच गाडी हवा कापते, त्याला इलाज नाही. पण ते पाप टायरचं, डिफच्या माथी मारू नका.

‘फोर-लो आहेच की’

फोर-लो हायवेवर वापरणार का? डांबरी कोरड्या रस्त्यावर पार्ट-टाइम ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी) फोरमध्ये टाकून वळलात तर पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतात, स्टिअरिंग अडकल्यासारखं होतं आणि सगळा ताण सांध्यांवर येतो. म्हणजे ऑफिसला जाताना, घाटात, सिग्नलला, जिथे गाडी नव्वद टक्के वेळ चालते तिथे फोर-लोचा उपयोग शून्य.

बरं, दगडांत तरी पुरतो का? पहिला गिअर ३.५९, फोर-लोचा रेशो २.७२, डिफ ३.२१, गुणाकार ३१. हा झाला कंपनीच्या टायरवरचा क्रॉल रेशो, म्हणजे सगळ्यात सावकाश चालतानाचा एकूण गुणाकार. पस्तीसवर तो २७ सारखा वागतो. तुलनेसाठी, त्याच जेकेची मॅन्युअल रुबिकॉन (दगडांसाठी बनवलेलं मॉडेल) कारखान्यातूनच ४.४६ गुणिले ४ गुणिले ४.१० घेऊन येते, म्हणजे ७३. उतारावर हा फरक पायाला कळतो: ७३ वाला ब्रेकवरचा पाय काढून गिअरच्या जोरावर पायरी उतरतो, २७ वाला ब्रेक दाबून दाबून, घसरत, प्रत्येक दगडावर आपटत येतो. ऑटोमॅटिकमध्ये तर गाडी उतारावर जवळजवळ सुटते. ४.८८ टाकला तर ऑटोमॅटिकचा गुणाकार ४८ वर जातो, पस्तीससाठी १.१७ ने भागलं तरी ४१ च्या आसपास उरतो, कंपनीपेक्षा कितीतरी बरा.

‘ट्यून मारा’

दात कोरून पोट भरत नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनला ट्यूनने मिळून मिळून किती मिळणार, थोडी टायमिंग, थोडा थ्रॉटलचा उतावळेपणा. पेडल हलकं झालं की माणसाला वाटतं गाडी उडते. जवळपास १५ टक्के गेलेला गुणाकार त्यातून परत येत नाही. ट्यूनरचा खरा उपयोग वेगळा आहे, टायरचा घेर आणि नवीन डिफचा रेशो दोन्ही आकडे कॉम्प्युटरला सांगायला, म्हणजे गिअर योग्य वेळी पडतील. तेवढ्यासाठी तो घ्याच.

‘मागचा एकच करा’

हे वाचून मला खरंच घाम फुटला. फोरमध्ये टाकल्यावर ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरवतो. मागे ४.८८ आणि पुढे ३.२१ असेल तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा दीडपट वेगाने फिरायला बघणार. चिखलात चाकं घसरून सुटका होईल थोडा वेळ, पकड मिळाली की काहीतरी तुटणार, प्रश्न फक्त काय आणि कुठे. ४.१० समोर ४.०९ चालतो कारण फरक टायरच्या झिजेएवढाही नसतो. त्यापलीकडे नाही. दोन्ही करायचे किंवा एकही नाही.

मग मेसेजमध्ये काहीच खरं नाही?

आहे ना, आणि ते पुण्याच्या मंडळींसाठी मुद्दाम सांगतो. २०२० नंतरच्या १८ इंची रिमवाल्या थारचा टायर २५५/६५ आर १८, व्यास ७८९ मिमी. त्यावर २८५/७० आर १७ लावला, ज्याला सगळे तेहतीस म्हणतात, तर ८३१ मिमी, फरक जेमतेम ५ टक्के. २.२ लिटर डिझेल इंजिन ३०० न्यूटन-मीटर १६०० आरपीएमपासूनच देतं. ताम्हिणीत एखाद्या वळणावर दुसऱ्याऐवजी पहिला टाकावा लागेल, बाकी काही नाही. इथे डिफ उघडणं म्हणजे हौसच. तिकडे इथल्यासारखे प्रत्येक एक्सलला चार-चार रेशो दुकानात मांडून ठेवलेलेही नसतात. टायरचं माप कंपनीच्या मंजुरीबाहेर गेलं तर आरटीओचा प्रश्न आहे तो वेगळाच, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्येच कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं सांगितलंय. तर, थारचा अनुभव रँग्लरला आणि रँग्लरचा थारला चिकटवू नका, एवढंच.

नवीन जेएलवाल्यांचंही (जेकेनंतरची रँग्लर) वेगळं. आठ गिअर, पहिला ४.७१, आठवा ०.६७. रुबिकॉनमध्ये ४.१० आधीच आहे. पस्तीसवर ४.५६ टाकला की आठव्यात आरपीएम कंपनीच्या जवळपास येतो, आणि ४.१० वर राहिलं तरी गिअरबॉक्सकडे मधले इतके गिअर आहेत की तो सांभाळून घेतो. म्हणून ‘पस्तीस म्हणजे ४.८८’ असा जो रंगीत तक्ता फिरतो तोही तसाच आंधळेपणाने घेऊ नका. असे बरेचसे तक्ते थेट १.०० गिअर धरून काढलेले असतात, तुमचा वरचा गिअर ०.८३ आहे की ०.६७ हे त्यांना माहीतच नसतं.

दुसरं टोकही आहे, ‘मग ५.१३ च टाकतो, पुढे सदतीस घेईन’. ५.१३ म्हणजे ४१ दातांना ८ दातांचं पिनियन. पिनियन जितकं लहान तितके एका वेळी कमी दात पकडीत आणि गाभाही बारीक. जेके स्पोर्टचा पुढचा एक्सल डाना ३० (हलका) आहे, रुबिकॉनचा डाना ४४ (दणकट) नाही, त्यात एवढंसं पिनियन घालून पस्तीसवर दगड चढायचे म्हणजे पुढचा एक्सल पणाला लावणं. माझं मत विचाराल तर पाच गिअरच्या ऑटोमॅटिक जेकेला पस्तीसवर, सपाट राज्यात हायवे जास्त असेल तर ४.५६, डोंगरात राहत असाल तर ४.८८. फक्त जुना आकडा परत आणायचा म्हटलं तर ३.७७ येतो, पण जडपणा, लिफ्टमुळे वाढलेला हवेचा विरोध आणि डोंगरातली विरळ हवा त्या भागाकारात कुठेच नाही, म्हणून सगळे त्याच्या पुढे जातात.

दोन हजार डॉलरचं म्हणाल तर ते बहुतांश मजुरीचे आहेत आणि ती मजुरी फुकटची नाही. ३.२१ वाल्यांना बऱ्याचदा कॅरियरही (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागतो, त्याचा खर्च आधी विचारून घ्या. पिनियन किती आत बसलंय ते शिम (पातळ चकत्या) घालून-काढून ठरवायचं, बेअरिंगचा प्रीलोड (आवळपणा) लावायचा, क्राउन आणि पिनियनमधली फट, बॅकलॅश, साधारण ०.१५ ते ०.२५ मिमीत आणायची. मग दातांना पिवळी पेस्ट फासून हाताने फिरवायचं आणि ठसा बघायचा: दाताच्या मधोमध, ना टोकाला ना मुळाशी. ठसा सरकला तर सगळं परत उघडायचं. तुमच्या मेकॅनिककडे तो ठशाचा फोटो मागा, चांगला माणूस न मागता पाठवतो. आणि नवीन गिअर घेऊन पहिल्याच दिवशी ट्रेलर ओढायला जाऊ नका, पहिल्यांदा पंचवीस-तीस किमी हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा, आणि आठशे किमीच्या आसपास दोन्ही डिफचं ऑइल बदलून टाका.