आता उघडलंच आहे तर

ताम्हिणीत गाडीने पांढरा धूर सोडला तेव्हा मला वाटलं धुकंच आहे, जुलैत ताम्हिणीत दुसरं काय असणार. टेम्परेचरचा काटा लालच्या पार गेला होता पण तो काटा गेली कित्येक वर्षं मनाला येईल तसाच वागतो, त्याच्याकडे कोण बघतंय! शेवटी मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ काका, बॉनेट बघा!"

गाडी टो करून पुण्यात आणली. मिस्त्रीने ऑइल बघायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, ओढून माझ्या नाकापुढे धरली. ऑइल कसलं, दूध जास्त झालेला चहा. "हेड गॅसकेट गेलंय साहेब, पाणी ऑइलमध्ये उतरलं." आधी नुसतं गॅसकेट, मग हेड वाकलंय म्हणून ते घासून सपाट करायला फेसिंगला, मग "आता उघडलंच आहे तर" रिंग-पिस्टन, बेअरिंग, पंप, नोझल... असं करत ३२ हजारांचे ८४ हजार झाले.

"अहो, विका आता ती," बायको म्हणाली. बरोबरच होतं तिचं. २००८ चं मॉडेल, पंधरा वर्षं झाली तेव्हा २०२३ ला आरटीओत ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षं वाढवून आणलेली, आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या ज्या फोर बाय फोरसाठी घेतली ते आजवर दोनदा वापरलं. एकदा मुळशीला लग्नाच्या लॉनवर चिखलात, आणि एकदा चुकून. एरवी त्या लिव्हरला भाजीची पिशवी अडकवतात.

एजंट आला, टायरला लाथ मारली (का मारतात देव जाणे), म्हणाला दीड लाख. मी छाती फुगवून सांगितलं, अहो, इंजिनचं सगळं काम नवीन केलंय!

"इंजिन उघडलंय? मग सव्वा."

म्हणजे ८४ हजार घालून गाडी पंचवीस हजारांनी स्वस्त केली मी.

मिस्त्री म्हणतो हजार किलोमीटर साठच्या वर पळवू नका, मग ऑइल बदलू, तेव्हाच कळेल इंजिन कसं बसलंय ते. त्यामुळे विकायचं सध्या राहिलंय आणि मी कोथिंबिरीलासुद्धा गाडी काढतो. काल ६४० झाले.

संध्याकाळी बायको म्हणते, "रविवारी वेल्ह्याला जायचंय ना, रस्ता पार उखडलाय म्हणे. तुमची ती येईल ना तेवढी?"

मी काही बोललो नाही, खाली जाऊन डिपस्टिक काढून पुसली, परत घातली, परत काढली.

काळं. डांबरासारखं काळंकुट्ट ऑइल, चहाचा थेंब नाही.