'कॉलेजच्या पोरांना कॅन्सरचं लेक्चर कशाला?' या फॉरवर्डला मुद्द्यागणिक उत्तर

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर, पालकांच्या ग्रुपवर, अगदी आमच्या डेंटिस्ट लोकांच्या ग्रुपवरसुद्धा फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं की कॅन्सर हा उतारवयातला आजार आहे, विशीतल्या पोरांना त्याचं सांगून घाबरवू नका, ज्याच्या नशिबात असेल त्याला होणारच, सुपारी-खर्रा सिगारेटपेक्षा बरा, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस घेतली की मुलींना पुढे मूल होत नाही, गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो, आणि साखर बंद करून लिंबूपाणी प्यायलं की तो जातो पण कंपन्या हे दडपून ठेवतात. मी विदर्भात दातांचा डॉक्टर आहे, एनएसएसच्या कॅम्पला कॉलेजात जाऊन पोरांची तोंडं तपासतो, आणि हा मेसेज वाचून एखादा मुलगा जरी तपासायचा राहिला तरी ते मला चालणार नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'हा म्हाताऱ्यांचा आजार आहे'

वय वाढतं तसा कॅन्सर वाढतो हे खरंच आहे, ते कोणी नाकारत नाही. पण आजार दिसतो कधी आणि सुरू होतो कधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात तंबाखू सुरू करण्याचं सरासरी वय १९ च्या आसपास निघालं. १९ म्हणजे एफवाय-एसवाय. पंचेचाळिशीला जो माणूस तोंडात जखम घेऊन येतो त्याची पहिली पुडी बहुतेक वेळा कॉलेजच्या कट्ट्यावरची किंवा शाळेमागच्या टपरीवरची असते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्या व्हायरसमुळे होतो त्या एचपीव्हीचंही तेच, त्याची लागण साधारण तरुणपणी होते आणि टिकून राहिली तर कॅन्सर व्हायला १५-२० वर्षं लागतात. म्हणजे अडवायची वेळ कुठली? हीच ना?

आणि विशीत कॅन्सर होतच नाही असंही नाही. हॉजकिन्स लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), हाडांचे काही कॅन्सर, अंडकोषाचा कॅन्सर हे तरुणांतच जास्त दिसतात. अंडकोषाचा कॅन्सर लवकर सापडला तर जवळजवळ सगळे बरे होतात, पण पोरं लाजेपायी घरी बोलत नाहीत आणि महिने घालवतात. न दुखणारी गाठ लागली, एक बाजू जड वाटली तर सरळ डॉक्टरकडे जा, यात लाजण्यासारखं काहीही नाही. युवराज सिंगने २०११ चा वर्ल्ड कप गाजवला आणि त्याच्या छातीतला ट्यूमर कॅन्सरचा असल्याचं कळलं तेव्हा तो तिशीचा होता.

या मुद्द्यातली एक गोष्ट मात्र मला मान्य आहे. ४ फेब्रुवारीला, म्हणजे जागतिक कॅन्सर दिनाला, दोन तास पीपीटी लावायची, सडलेल्या तोंडांचे फोटो दाखवायचे, बॅनरसोबत ग्रुप फोटो काढून सगळे घरी, याने काही होत नाही. पोरं फोटो बघून मान फिरवतात आणि बाहेर येऊन परत तेच खातात. त्यांना स्वतःचं तोंड स्वतः बघायला शिकवा, कुठे जायचं ते सांगा, सोडायला मदत करा. कार्यक्रम वाईट झाला तर चांगला घ्या, बंद कशाला करता?

'नशिबात असेल तर होणारच'

आईवडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे होणारे कॅन्सर ५ ते १० टक्के धरले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्यासारखे आहेत. आणि ते विडी ओढून नव्वदीपर्यंत जगलेले आजोबा प्रत्येक गावात असतात, कारण जे पंचावन्नला गेले ते सांगायला उरलेले नाहीत.

'सुपारी-खर्रा सिगारेटपेक्षा बरा'

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण रोज हेच बघतो. आपल्याकडे सिगारेटवरून घरात भांडणं होतात, खर्ऱ्यावरून होत नाहीत. वास नाही, धूर नाही, पन्नीत घोटून मिळतो, लेक्चरला बसूनही गालात राहतो. तिकडे पश्चिम महाराष्ट्रात मावा म्हणतात, माल तोच: सुपारी, तंबाखू, चुना. २०१६-१७ च्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात साधारण २४ टक्के प्रौढ लोक बिनधुराचा तंबाखू घेणारे निघाले आणि धूम्रपान करणारे ४ टक्केसुद्धा नाहीत. मग सिगारेटला नावं ठेवून 'त्यापेक्षा बरं' म्हणत आपण नेमकं कोणाला सूट देतोय ते बघा. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत तंबाखू विकायचा नाही असा २००३ चा केंद्राचा कायदा आहे, आणि तरी पोरांना पुडी कुठे मिळते हे कॉलेजात सगळ्यांना माहीत असतं.

'मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी खातो सर' हे तर कॅम्पमधलं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखू ज्या गटात आहे त्याच. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते, आधी तिखट झोंबायला लागतं, मग गाल आतून पांढरट पडतात, पट्टे जाणवतात, आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. आम्ही याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतो. यातल्या काहींचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतं, आणि आवळलेलं तोंड पहिल्यासारखं पूर्ण उघडणं फार अवघड असतं, सोडल्यावर पुढचं नुकसान थांबवता येतं इतकंच. वीस-बावीसच्या पोरांना पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही हे मी बघितलंय, आणि त्यांना वाटत असतं अक्कलदाढेमुळे होतंय.

आत्ताच करून बघा. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. जात नसतील आणि तुम्ही सुपारी, खर्रा, मावा यातलं काहीही खात असाल तर या आठवड्यात डेंटिस्टला दाखवा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, हेही तसंच, दुखत नसलं तरी.

'लसीने मूल होत नाही, मुलींवर प्रयोग चाललेत'

प्रयोगाची भीती कुठून आली ते सांगतो, कारण ती अगदीच हवेतली नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात शाळकरी मुलींना एचपीव्ही लस द्यायचा प्रकल्प झाला, त्यातल्या सात मुली दगावल्याचं समोर आलं आणि प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध निघाला नाही, बुडणं, साप चावणं, आत्महत्या अशी कारणं होती. पण संमतीपत्रांवर कित्येक ठिकाणी आईवडिलांऐवजी वॉर्डन नाहीतर हेडमास्तरांच्या सह्या निघाल्या, आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. ते योग्यच होतं. गरीब घरच्या मुलींच्या बाबतीत न विचारता काही करणं हा अन्याय आहे आणि मी तो झाकणार नाही. पण तो अन्याय संमतीचा होता, त्यावरून लस वाईट ठरत नाही.

लसीने मूल होत नाही याला कुठलाही पुरावा सापडलेला नाही, आणि जगभरात कोट्यवधी डोस देऊन झालेत. उलट बाजूने पुरावा बघा. स्वीडनमध्ये साडेसोळा लाखांहून जास्त मुली-बायकांचा अभ्यास २०२० मध्ये आला, सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी, आणि सतरा ते तीस या वयात घेतलेल्यांतही निम्म्याहून कमी. म्हणजे कॉलेजात असलात तरी गाडी सुटलेली नाही, फक्त जितकं लवकर तितकं चांगलं. आपल्या पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक ही लस नऊ ते सव्वीस वर्षांसाठी आहे आणि ती मुलांनाही चालते, कारण हा व्हायरस मुलांनाही होतो आणि घशाचे, लिंगाचे काही कॅन्सर त्यातूनच होतात. लस घेतली म्हणून मुलींची पुढची गर्भाशयमुखाची तपासणी सुटत नाही, तिशीनंतर ती करायचीच.

आणि मुलींनो-मुलांनो, इथे आईचा विषय काढा. भारतात २०२२ साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सुमारे सव्वा लाख नवीन केसेस झाल्या असा अंदाज आहे. उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या लोकांनी गावोगावी जाऊन ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला, २००९ ला निकाल आला, आयुष्यात एकदा एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांनी हे जगाला दाखवून दिलंय. तुमच्या आईची एकदा तरी झालीय का ही टेस्ट?

'सुई लावली की पसरतो'

नाही पसरत, तसं झालंच तर फार क्वचित. डॉक्टर तुकडा कसा आणि कुठून घ्यायचा हे ठरवूनच घेतात, आणि तुकडा तपासल्याशिवाय कुठला कॅन्सर, कुठलं औषध हेच कळत नाही. होतं असं की लोक या भीतीने सहा महिने मलम लावत बसतात, मग बायोप्सी होते, तेव्हा आजार पुढे गेलेला असतो आणि दोष सुईवर जातो.

'साखर बंद, लिंबूपाणी चालू, कॅन्सर बरा'

यात नेहमी ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञांचं नाव येतं, कॅन्सरचं कारण शोधून नोबेल मिळालं म्हणून. त्यांना १९३१ चं नोबेल श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी मिळालं. लिंबाने रक्ताचा आम्लपणा जातो आणि म्हणून कॅन्सर मरतो, हेही सांगतात. पण रक्ताचा आम्लपणा शरीर स्वतः एका बारीक मर्यादेत सांभाळतं, लिंबाने तो बदलत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात नवज्योत सिंग सिद्धूंनी पत्नीचा स्टेज फोर कॅन्सर हळद, कडुनिंब, उपवासाने बरा झाल्यासारखं सांगितलं आणि व्हिडिओ प्रचंड फिरला, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी एकत्र पत्रक काढून सांगितलं की याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन आणि केमो दोन्ही झालं होतं, फॉरवर्डमध्ये तेवढंच गळतं. उपचार चालू असताना नीट खा-प्या, डॉक्टरांना विचारून हळदीचं दूधही घ्या, पण उपचाराच्या जागी नको.

राहिला कंपन्यांचा मुद्दा. मी कॅम्पमध्ये जे सगळ्यात जास्त वेळा सांगतो ते म्हणजे खर्रा सोडा, आणि त्यात विकण्यासारखं काहीच नाही. सोडायचाय पण जमत नाही अशांसाठी सरकारची १८००-११-२३५६ ही टोल-फ्री लाइन आहे, फोन केला की समुपदेशक बोलतात, तारीख ठरवायला लावतात. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही, हात खिशाकडे जातो, हे सगळ्यांचंच होतं. रूममेटला आधी सांगून ठेवा, आणि ज्या टपरीवर उधारी चालते तिथली उधारी आधी मिटवून टाका.