केजी संपेपर्यंत शंभरपर्यंत लिहिता यायलाच हवं?

शाळा सुरू व्हायच्या सुमारास आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला, त्यातली एक माझी सख्खी भाची. मजकूर साधारण असा: मुलाच्या मेंदूची ८५ टक्के वाढ ६ वर्षांआधी होते, म्हणून केजी संपायच्या आत १ ते १०० आणि एबीसीडी लिहिता आलीच पाहिजे, रोज तासभर लिखाण, खेळ नंतर, घरात फक्त इंग्रजी बोला, जेवताना शैक्षणिक व्हिडिओ लावा, म्हणजे तेवढाही वेळ फुकट जात नाही. दहा पालकांना पाठवा, हे शेवटी आलंच. बालवाडीत वीसेक वर्षं काढली आहेत, म्हणून हे उत्तर भाचीला आणि उरलेल्या तिघांनाही.

८५ टक्क्यांचा आकडा मेसेजवाल्याने पदरचा घातलेला नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो आहे. फक्त त्याच्या लगेच खालचा परिच्छेद उचलायचा राहिला. लहान मुलांनी काय शिकायचं ते तिथे सांगितलंय. अक्षरं आणि अंक त्यात आहेत, नाहीत असं नाही. पण ते घरातले-अंगणातले खेळ, कोडी, चित्रकला, हस्तकला, बाहुलीनाट्य, गाणी यांच्या पंगतीला बसलेत. या धोरणातला ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा गोव्यात २०२३-२४पासून सुरू झाला. आणि २०२१च्या निपुण भारत अभियानाने समजून वाचणं आणि साधी आकडेमोड यांना मुदत दिली आहे ती तिसरीच्या अखेरपर्यंतची. सरकार तिसरीपर्यंत थांबायला तयार आहे, घाई आपल्यालाच.

आता ते १ ते १००. गेल्या वर्षी एक चिमुरडी वही दाखवायला आली. ५०पर्यंत अंक, एकही चूक नाही. मी तिला माझ्यासमोर लिहायला सांगितलं. नऊच्या पुढे गेल्यावर तिने आधी वरून खाली नुसते एक काढले, एकाखाली एक, दहा वेळा. मग त्यांच्या शेजारी शून्यापासून नऊपर्यंत भरत आली. वीसच्या ओळीलाही तेच, आधी सगळे दोन. तिच्या लेखी ती रांगोळीची नक्षी होती. वर्गात फणसाची वाळलेली भिकणां, म्हणजे बिया, ठेवलेली असतात. म्हटलं, "सात घेऊन ये गो." ओंजळ भरून घेऊन आली.

मोजणं म्हणजे एका वस्तूला एकच अंक, कुठली सुटायची नाही, कुठली दोनदा यायची नाही, आणि शेवटी आलेला अंक म्हणजे एकूण किती ते. त्याच सात बिया लांब लांब मांडल्या तरी सातच राहतात, हेसुद्धा चार वर्षांच्या मुलाला आपोआप कळत नाही. हे वहीत येत नाही, स्वयंपाकघरात येतं. पाच बांगडे आणलेत, जेवायला माणसं सात, काय करूया? आमच्याकडे एका मुलाने सांगितलं होतं, "पप्पाक दिवंक नाका," म्हणजे पप्पांना द्यायचा नाही. गणित बरोबर नव्हतं, पण सातांना पाच पुरत नाहीत हे त्याला कळलं होतं. त्या वयाला तेवढं पुष्कळ झालं.

रोज तासभर लिखाणाबद्दल. या वयात मनगटाची हाडं कच्ची असतात म्हणून लिहायला लावू नका, असाही एक मेसेज फिरतो, आणि तो आमच्या बाजूचा असला तरी मला अर्धवट वाटतो. मनगटातली काही हाडं तोवर पुरती घडलेली नसतात हे खरं, पण एवढ्याशा मुलाचं पेन्सिलीपाशी अडतं ते बोटांच्या जोरामुळे आणि ताब्यामुळे. खांदा स्थिर नसेल तर मूल अख्खा हात फिरवून अक्षर काढतं आणि चार ओळींत दमतं. बोटांना काम द्या: वालाच्या शेंगा सोलणं, कणकेच्या गोळ्या करणं, चवथीला नेवरीची, म्हणजे करंजीची, कड दाबणं, आजीच्या शेजारी बसून फुलांचा वळेसर गुंफायची खटपट. गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधताना सामान हातात द्यायचं काम पोरांचंच असू द्या. कवंडळ कुठलं, चिबूड कुठला, जड काय, हलकं काय, हे आपसूक होतं. अक्षरांची वेळ आली की अआइई याच क्रमाने गेलं पाहिजे असंही काही नाही. ग, म, भ, न ही वळणाने जवळची अक्षरं आधी घ्यायची रीत मराठी शाळांत आहे, आणि ती मुलांच्या हाताला सोपी जाते. मूल स्वतःहून "माझं नाव लिहून दाखव" म्हणालं तर जरूर दाखवा. अडवायचं कशाला?

इंग्रजीच्या मुद्द्यावर मात्र मला राग येतो. आमच्या घरांत कोकणी बोलतात, पेपर मराठी येतो, देवळात कीर्तन मराठीत होतं. मूल वर्गात "बाई, माका उदक जाय" म्हणतं आणि दारात थांबलेली आई ओशाळून "वॉटर, से वॉटर" म्हणते. ती आई घरी इंग्रजीत काय बोलते, विचारा. कम, सिट, ईट, डोन्ट टच. सगळे हुकूम. तीच आई कोकणीत पावसाने वाट कशी बुडाली, मामाची म्हैस कुठे हरवली हे रंगवून सांगते. मुलाला शब्द, कारणं, आधी-नंतर कळतं ते अशा बोलण्यातून, आणि पुढे इंग्रजी शिकायला तोच साठा कामी येतो. चित्रांचं पुस्तक घ्या, मराठी असो की इंग्रजी, आणि आपल्या भाषेत त्यावर गप्पा मारा. "म"पासून काय काय दिसतं? माड, मांजर, मीठ. बसची वाट बघतानाही हा खेळ होतो.

व्हिडिओचं थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये ३-४ वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीनसमोर बसायला दिवसाला जास्तीत जास्त १ तास सांगितलाय, आणि हालचालीला किमान ३. जेवताना लावलात तर तासही जातो आणि गप्पाही.

पहिलीच्या बाईंना जूनमध्ये काय हवं असतं, हेही सांगते. डबा आपला आपण उघडणारं, शू लागली तर सांगणारं, घसरगुंडीवर आपली पाळी येईपर्यंत थांबणारं मूल. हे शिकवायला सुट्टीचा महिना पुरतो. बटणं लावायला जरा जास्त.

राहिला प्रश्न शाळेनेच रोज दोन पानं लिहायला दिली तर. अशा शाळा आहेत, आणि मुलाला त्या भांडणात मधे उभं करू नये. अर्धं पान बसून करा, हात दुखतो म्हणालं की वही मिटा, आणि दुसऱ्या दिवशी बाईंना स्वतः भेटून सांगा की बाकीचं आम्ही बिया मोजून केलं. बऱ्याच बाई ऐकतात. त्यांनाही तो मेसेज आलेला असतो.